कडूबाच्या रक्तातला चहाडखोर

सुई टोचल्याशिवाय मला आजवर कुणी बोलायला लावलं नाही, आणि तेच बरं होतं. नळीत भरायचं, मशीनमध्ये घालायचं, माझ्याकडून एक आकडा काढून घ्यायचा आणि उरलेलं रक्त कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायचं, एवढीच आमची ओळखपाळख. आता म्हणे सगळी जन्मकथा सांग, पार पहिल्यापासून. का म्हणून? मला काय दुसरं काम नाही? पण सुटका दिसत नाही, तेव्हा सांगतो. मधे मधे 'बिचारा' म्हणायचं नाही. मला ते खपत नाही.

मी सीईए बोलतोय. पूर्ण नाव इंग्रजीत आहे, हातभर लांब, आणि माझं मलाच ते धड येत नाही. जात प्रथिनाची. डाळीत नि अंड्यात जे प्रोटीन असतं ना, त्याच जातीचा. पण मला खाऊन कुणाचं अंग भरत नाही. मी माणसाच्या रक्तात हिंडतो आणि विचारलं तर आतड्याकडची खबर सांगतो. एका थेंबात आम्ही मोजता येणार नाही इतके असतो. जुने जातात, नवे येतात. पण भांडायला एकटा बरा असतो, म्हणून मी 'मी' म्हणतो.

माझा जन्म दौलताबादचा. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या वर्षी आवडाबाई ठोंबरेला दिवस गेले. तिच्या पोटातल्या पोराचं आतडं दोऱ्याएवढं असेल नसेल, तेव्हा त्या आतड्याच्या भिंतीत मी तयार झालो. शाळा म्हणाल तर तीच. काय दिवस होते ते! सगळं नवं घडत होतं आणि जिकडं तिकडं माझीच वर्दळ. पुढं पोर जन्माला आलं. आवडाबाईची आधीची दोन लेकरं वाचली नव्हती, म्हणून ह्याला वाईटसाईट नाव ठेवायचं ठरलं. तशी आमच्याकडं रीतच आहे, कडू नाव असलं की मरण तोंड फिरवतं म्हणतात. नाव ठेवलं कडूबा.

पोर बाहेर आलं आणि माझं काम संपलं. आतड्यानं मला सांगितलं, आता तुझी गरज नाही. निरोप नाही, नारळ नाही. अगदी किंचित मी रक्तात उरलो, कोपऱ्यात बसल्यासारखा. तसाच बसलो, त्रेसष्ट वर्षं.

बसून बघायला पुष्कळ मिळालं. कडूबा मोठा झाला, वच्छलाबाईशी लग्न झालं, किल्ल्यासमोर त्यानं रसवंती टाकली. आधी लाकडी चरक आणि बैल, मग डिझेलचं इंजिन, मग विजेची मोटार. चाकाला घुंगरं बांधलेली. ती वाजली की किल्ल्यावरून तोंड सुकवून आलेली माणसं आपोआप इकडं वळत. शेजारी मोहियोद्दीनचं दुकान, टोप्या आणि काळ्या चष्म्यांचं. चढताना माणूस त्याच्याकडून टोपी घ्यायचा आणि उतरताना ह्याच्याकडून रस. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांना शिव्या देत धंदा केला.

कडूबाला दोन सवयी. सकाळी पहिल्या उसाचा ग्लासभर रस स्वतः प्यायचा, बर्फ न घालता. आणि दिवसाला दोन बंडल बिड्या. बिडीचा धूर रक्तात उतरला की मला थोडा चेव येतो, आकडा जरा वर सरकतो. ही माझ्यातली खोट आहे, मी कबूल करतो. लपवाछपवी माझ्यात नाही. ती माझ्या मालकात आहे.

मग एक दिवस मला बोलावणं आलं. डाव्या बाजूला, आतडं जिथं खाली वळतं तिथं, एक गाठ धरली होती. तिथल्या पेशींचं डोकं फिरलं होतं. आपण म्हाताऱ्याच्या पोटात आहोत की आवडाबाईच्या, हेच त्यांना कळेना. लागल्या मला बनवायला, तेव्हासारख्या. मी म्हटलं, अगं बायांनो, वय काय, चाललंय काय! कोण ऐकतंय? पाच हा माझा बरा आकडा, त्याच्या आत असावं. मी दहावर गेलो, पंधरावर गेलो.

तिकडं कडूबाला परसाकडला रक्त पडायला लागलं. त्यानं ठरवलं, मूळव्याध. स्वतःच ठरवलं. आमच्याकडं त्या जागेचं कुठलंही दुखणं मूळव्याधच असतं, कारण दाखवायची लाज वाटते. एका बाबाची पुडी आठ महिने ताकातून घेतली. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं फक्त मोहियोद्दीनला.

"अरे डॉक्टर के पास जा," मोहियोद्दीन म्हणायचा.

"जाऊन काय दाखवू? वाकून उभा राहू?"

"हौ, तो क्या खुर्ची पे बैठ के दिखाएँगा?"

वच्छलाबाईला कळलं ते धोतर धुताना. तिनं कपडे तसेच सोडले, ओल्या हातानं रसवंतीवर आली आणि गिऱ्हाईकांसमोर म्हणाली, "चला औरंगाबादला. आत्ता. मोटार बंद करा." तिच्या आवाजात काहीतरी होतं. मोटार मोहियोद्दीननंच बंद केली.

औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा तोंड उघडलं. तिथं अजरा नावाची बाई मशीनवर बसते. चाळिशीची, बोलकी, हात हलका. आकडा आला बावीस. मग डॉक्टरांनी नळीतून आत कॅमेरा घातला, गाठ बघितली, तुकडा तपासला, आणि मोठं ऑपरेशन झालं. वीतभर आतडं गेलं. पाठोपाठ सलाइनमधून औषधं.

दीड महिन्यानं पुन्हा रक्त घेतलं. मी दोन. डॉक्टर हसले.

"कडूबा, हा सीईए नीट ऐका," ते म्हणाले. "ह्याच्या एकट्याच्या जोरावर कॅन्सर आहे की नाही हे आम्ही ठरवत नाही. काही गाठी ह्याला बनवतच नाहीत. पण तुमच्या गाठीनं बनवला होता. म्हणजे आजार परत आला, तर हा आधी सांगेल. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. आणि बिडी बंद. बिडीनंही हा वाढतो, मला लगेच कळेल."

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी नको होतं बोलायला. कडूबाच्या कानात तेवढंच राहिलं. बाहेर येऊन तो मोहियोद्दीनला म्हणाला, "डॉक्टरनं माझ्या रक्तात चहाडखोर बसवलाय."

बसवला? मी पहिल्यापासून तिथलाच! पण आमच्या मालकाला इतिहास कोण शिकवणार.

वच्छलाबाईनं बिडीची बंडलं चुलीत घातली आणि सांगून टाकलं, "पुन्हा बिडी दिसली तर मी बिडकीनला माहेरी. भाकरी तुमची तुम्ही थापा."

वर्षभर बरं चाललं. मी दोनच्या आसपास निवांत. मग कडूबाचा जीव बिडीवर गेला. उसाच्या मोळ्यांच्या मागं, दिवसातून एक. मग तीन. पुढच्या तपासणीला मी तीनवर. त्याच्या पुढच्याला साडेचार.

"पाचाच्या आत आहे, पण चढतोय," डॉक्टर म्हणाले. "बिडी?"

"शप्पथ, एक बी वढली नाय," कडूबा म्हणाला. शेजारी वच्छलाबाई बसली होती ना!

"बरं. अंगात काही त्रास?"

"जरा थकवा वाटतो." हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

"मग पुढच्या वेळी रक्तातली साखरही बघू. उपाशीपोटी या. आणि हा आकडा आणखी चढला, तर पोटाचा स्कॅन करायचा."

आता खरं काय ते मी सांगतो, कारण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. त्या साडेचारातला थोडा भाग बिडीचा होता. बाकीचा काळजातून, डॉक्टर ज्याला लिव्हर म्हणतात तिथून, येत होता. तिथं उजव्या अंगाला एक ठिपका धरला होता. जुन्या गाठीचं एखादं बीज रक्ताबरोबर तिथं जाऊन बसलं होतं. मी चढत होतो तो त्याच्यासाठी. मी ओरडत होतो म्हणा ना. थकवाही त्याचाच. आणि वेळेवर कळलं तर असा एकुलता ठिपका कापून काढता येतो. उशीर झाला की एकाचे दहा होतात, मग सुरी चालत नाही.

कडूबाच्या डोक्यात मात्र एकच हिशेब. आकडा चढला म्हणजे बिडी पकडली गेली. बिडी पकडली गेली म्हणजे वच्छला बिडकीनला.

तीन महिने झाले. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, त्यानं मोहियोद्दीनला जवळ बोलावलं.

"तू बिडी वढत नाहीस ना?"

"चालीस साल से बाजू में बैठा हूँ, अब पूछ रहा?"

"म्हंजे तुझं रक्त साफ."

"साफ कायका? तेरा धुआँ खा-खा के अंदर से काला हो गया होंगा. क्यों, पियेंगा क्या?"

"प्यायचं नाय. द्यायचंय. उद्या, माझ्या नावानं."

मोहियोद्दीन बघतच राहिला. "दिमाग खराब हुआ क्या? ये इम्तिहान है क्या नक्कल करने कू?"

"वच्छला गेली बिडकीनला तर मला भाकरी तू देशील?"

"देता ना. अजरा तो नहीं वहाँ? वो तेरेकू पहचानती."

"ती आत मशीनवर असती. बाहेर रक्त काढायला दुसरी बाई."

सगळा तपास करून ठेवला होता बेट्यानं. एवढी अक्कल बिडी सोडण्यात घातली असती तर!

सकाळी दोघं काळी-पिवळी जीपनं शहरात गेले. बाईनं हाक मारली, "कडूबा ठोंबरे!" आणि दोघंही उठले.

"दोघं कशाला? रक्त एकाचंच काढायचंय."

"मी सोबत आलोय, धीर द्यायला," खरा कडूबा म्हणाला.

मोहियोद्दीन खुर्चीत बसला. सुई बघितली आणि त्यानं डोळे मिटून घेतले. "या अल्लाह," तोंडातून निघून गेलं.

बाईनं कागदावरचं नाव बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं.

"खुलताबाद जवळ आहे ना आमच्याकडून," कडूबा घाईनं म्हणाला. "दर्ग्यांना लई मानतो आम्ही."

बाईच्या पुढं वीस माणसं रांगेत. तिनं नळी भरली, वर चिठ्ठी डकवली. चिठ्ठीवर कडूबा, आत मोहियोद्दीन.

त्याच्या रक्तात जो मी आहे तो माझ्या भावकीतला. सुखवस्तू, निवांत, कोपऱ्यातला. त्याला विचारलं तसं त्यानं खरं सांगितलं, एक. त्याला मी दोष देत नाही. अजरानं आकडा बघितला, साडेचारावरून थेट एक, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं लॅबमध्ये पेढे वाटले. कडूबा चाचांचा आकडा उतरला म्हणून.

पण दुसरा एक आकडा होता, साखरेचा. तो आला दोनशे बारा.

"आनंदाची बातमी आधी," डॉक्टर म्हणाले. "सीईए एकदम खाली. स्कॅनची घाई नको आता. पण कडूबा, तुम्हाला साखर आहे. थकवा त्याचाच. रोज सकाळी ही गोळी. आणि उसाचा रस आजपासून बंद."

कडूबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागणार. हो म्हणावं तर... तो हो म्हणाला.

त्या दिवसापासून दौलताबादला मोठा तमाशा सुरू झाला. रसवंतीवाल्याला रस बंद! सकाळी पहिला ऊस चरकात जायचा, फेसाळ ग्लास भरायचा, आणि वच्छलाबाई तो कडूबाच्या डोळ्यांसमोर पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायची. चहा बिनसाखरेचा. गूळ डब्यातून गेला. गोळी ती स्वतःच्या हातानं भरवायची आणि वर "आ करा" म्हणून जीभ तपासायची.

"काय रे," चार दिवसांनी कडूबा मोहियोद्दीनला म्हणाला, "माझ्या अंगात साखर कुठून आली?"

"चालीस साल से रस पी रहा तू."

"पण रक्त तर तुझं होतं."

दोघं एकमेकांकडं बघत बसले. मोहियोद्दीननं हातातला चहा हळूच खाली ठेवला. चार चमचे साखर होती त्यात.

"म्हंजे शक्कर मेरी?"

"आन् गोळ्या मी खातोय!"

तरी तोंड उघडलं नाही दोघांनी. मोहियोद्दीन म्हणाला, चल भाभीला सांगू. कडूबा म्हणाला, थांब, काहीतरी युक्ती काढू. युक्ती काढण्यात पाच आठवडे गेले. पाच आठवडे मी चढत होतो. सहा, नऊ, तेरा. मला विचारणारं कुणी नाही, कारण कागदावर मी एक होतो! माझ्याच घरात बसून मी खोटा ठरलो होतो.

मग एका सकाळी कडूबानं गोळी खाल्ली आणि भाकरी खाल्ली नाही, तोंडाला चव नव्हती म्हणून. अकराच्या उन्हात ऊस साळताना त्याचे हात थरथरायला लागले. घाम फुटला, बोलणं बोबडं झालं, आणि तो चरकाशेजारी कोसळला. साखर नसलेल्या माणसाला साखर उतरवायची गोळी, दुसरं काय होणार.

मोहियोद्दीन टोप्या तुडवत धावला. समोर भरलेला ग्लास होता. त्यानं मांडीवर डोकं घेऊन कडूबाला बसतं केलं, ओठ ओले केले, आणि गिळतोय असं दिसल्यावर घोट घोट रस पाजला. त्या घडीला डॉक्टर असता तर त्यानंही साखरच दिली असती. थोड्या वेळानं कडूबानं डोळे उघडले.

"रस दिला का रे?" तो पुटपुटला. "वच्छला बघंल."

वच्छलाबाई डोक्याशीच उभी होती.

मोहियोद्दीनला रडू आवरेना. "भाभी, वो खून मेरा था," तो म्हणाला, आणि तिथंच, पाचपंचवीस पर्यटकांच्या देखत, त्यानं सगळं सांगून टाकलं. बिडीपासून.

मला वाटलं, आता ही गावभर ओरडणार. पण तिनं चरकाची मोटार बंद केली, दोघांना जीपमध्ये घातलं, आणि स्वतः मधे बसली.

लॅबमध्ये तिनं अजराला बाहेर बोलावून सांगितलं. अजरा कडूबाकडं वळली.

"चाचा," ती म्हणाली, "मी पेढे वाटले होते. तुमच्या नावाचे."

कडूबानं मान खाली घातली. तिनं स्वतःच्या हातानं दोघांचं रक्त काढलं, दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या, आणि प्रत्येकाकडून नाव वदवून घेतलं. मग तासभर बाकड्यावर वाट बघणं. मधे वच्छलाबाई, दोन अंगाला दोन म्हातारे.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बिडी वढली ती वढली. पर मला भिऊन दुसऱ्याचं रक्त दिलं? मी काय वाघीण हाय?"

"हौ भाभी," मोहियोद्दीन चटकन म्हणाला.

"तुम्ही गप बसा, भाईजान." मग ती नवऱ्याकडं वळली. तिचा आवाज एकदम उतरला. "मी बिडकीनला गेले असते तर चार दिसांत परत आले असते. तुम्ही गेला असता तर?"

 कडूबा तिच्या पदराकडं बघत बसला. त्याच्या छातीतली धडधड मला आतून ऐकू येत होती. मीही जरा विरघळलो. जरासाच.

आकडा आला साडेसतरा.

स्कॅन झाला. काळजात बोराएवढा ठिपका, एकच. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि बराच वेळ बघितली. "निघेल," ते म्हणाले. "पण आणखी दोन महिने तुम्ही असेच दुसऱ्याच्या रक्तावर जगला असता, तर मी हा शब्द बोललो नसतो." दुसरं ऑपरेशन झालं, काळजाचा तुकडा काढला, पुन्हा औषधं. दीड महिन्यानं अजरानं नळी मशीनमध्ये घातली. मी दोन. ह्या वेळी पेढे वाटण्याआधी तिनं कडूबाचं तोंड स्वतः बाहेर येऊन बघितलं.

ह्याला आता पाच वर्षं होऊन गेली. मी दोनच्या वर गेलो नाही. बिडी सुटली, खरोखर सुटली, ते मला कळतं. मोहियोद्दीन स्वतःच्या गोळ्या स्वतः खातो आणि बिनसाखरेच्या चहाला रोज शिव्या देतो. लॅबमध्ये आता ऐकतो की माझ्यासारखी आणखी प्रथिनं शोधून काढतायत, चार-पाच जणांना एकत्र बोलवून साक्ष घ्यायची म्हणे. घ्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी एकटा पुरा पडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. परसाकडला डोळ्यांना न दिसणारं रक्त पडत असेल तर तेही आता डबीतल्या नमुन्यात सापडतं, तिथं रक्तातलं हिमोग्लोबिन साक्ष देतं. माझा लांबचा भाऊबंद, तोही प्रथिनच. तर बाबांनो, रक्त दिसलं की पुडी शोधू नका आणि लाजू नका. डॉक्टर रोज हेच बघतात. आणि रक्त द्यायचं तर स्वतःचं द्या. आम्हाला दुसऱ्याच्या घरची खबर माहीत नसते.

मला दुसरं काही मागायचं नाही. असंच कोपऱ्यात पडून राहायचंय, विचारलं तर दोन म्हणायचंय, आणि जाताना ह्याच्याबरोबर गुपचूप जायचंय, पण लई वर्षांनी.

एकच गोष्ट सलते. कडूबानं सगळ्यांची माफी मागितली. अजराला तो दर वेळी कॅनभर रस नेऊन देतो. डॉक्टरांपुढं त्यानं कान धरले. मोहियोद्दीनला मिठी मारली. वच्छलाबाईला, सगळं गाव बघत असताना, "चुकलो गं" म्हणाला. माझं काय? रोज रसवंतीवर पर्यटकांना सदरा वर करून पोटावरचे दोन वण दाखवतो आणि सांगतो, "सीईए झाला होता मला. त्या भाड्यानं मला पार खाल्लं असतं." मी? मी झालो होतो? आजार कोण आणि निरोप्या कोण, एवढंही ह्याला पाच वर्षांत कळू नये! आणि तपासणीला जाताना अजून दंडाकडं बघून दम देतो, "आज तोंड सांभाळ." मी सांभाळतो. दोन म्हणतो. पण ऐकून ठेवा, माझी माफी मागायची राहिलेला माणूस एकच आहे, कडूबा पुंजाराम ठोंबरे, रसवंतीवाला, दौलताबाद.